ड्रायव्हरलेस गाडीला ‘माहीत नाही’ म्हणता येतं का?



२० डिसेंबर २०२५, शनिवार. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात एका वीज उपकेंद्राला आग लागली आणि सुमारे १ लाख ३० हजार ग्राहकांची वीज गेली. घरांसोबत रस्त्यावरचे सिग्नलही बंद पडले. थोड्याच वेळात सोशल मीडियावर व्हिडिओ यायला लागले. वेमो कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या पांढऱ्या टॅक्सी चौकात, रस्त्याच्या मधोमध, चारही इंडिकेटर चालू ठेवून उभ्या होत्या आणि मागे बाकीच्या गाड्यांची रांग लागली होती. कंपनीला त्या संध्याकाळी शहरातली सेवाच थांबवावी लागली.

असे व्हिडिओ बघितले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: “लाइट गेली आणि एआय झोपलं!” पण थोडा विचार करा. गाडीला स्वतःची बॅटरी आहे. कॉम्प्युटर गाडीतच आहे. कॅमेरे, सेन्सर सगळं गाडीवर आहे. शहरातली लाइट गेल्याने त्यातलं काहीच बंद पडत नाही. मग गाड्या थांबल्या कशामुळे?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्या ड्रायव्हरलेस तंत्रज्ञानाचं मर्म वाटतं. गाडी चालवणं हा या तंत्रज्ञानाचा सोपा भाग आहे. “मला इथे नक्की काय चाललंय ते कळत नाहीये” हे गाडीला वेळेत कळणं, आणि कळल्यावर तिने योग्य गोष्ट करणं, हा अवघड भाग आहे. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात जे मोठे अपघात आणि गोंधळ झाले, त्यातले बरेचसे इथेच येऊन अडकतात. आज त्यातले चार प्रसंग बघू. मग आपल्याकडच्या गाड्यांकडे वळू, कारण यातला एक धोका आपल्या रस्त्यांवर आधीच आलेला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी ड्रायव्हरलेस गाड्या बनवत नाही. मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंड सॉफ्टवेअर लिहितो. पण “सिस्टिमला खात्री नसेल तर काय करायचं” हा प्रश्न आमच्या कामात रोज येतो, म्हणून या विषयात जीव अडकतो.

गाडी बघते कशी?

आधी थोडक्यात तंत्र समजून घेऊ. ड्रायव्हरलेस गाडीत साधारण तीन प्रकारचे ‘डोळे’ असतात.

कॅमेरा: रंग, सिग्नल, पाट्या, रस्त्यावरचे पट्टे ओळखायला उत्तम. पण अंधार, समोरून येणारा उन्हाचा झोत किंवा धुकं असलं की तो अडचणीत येतो. शिवाय फोटो सपाट असतो, त्यामुळे अंतराचा अंदाज गणिताने काढावा लागतो.

रडार: रेडिओ लहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरींवरून वस्तू किती लांब आहे, किती वेगाने येतेय हे मोजायचं. पाऊस, धुक्यातही चालतं. पण वस्तूचा आकार नीट कळत नाही.

लायडार: हेच काम लेझरच्या प्रकाशाने. दर सेकंदाला लाखो बिंदू मोजून आजूबाजूचा थ्रीडी नकाशा तयार होतो. अंधारातही चालतो, अंतर अगदी अचूक देतो. पण महाग आहे.

वेमोच्या जॅग्वार आय-पेस गाडीवर २९ कॅमेरे, ६ रडार आणि ५ लायडार बसवलेले असतात. शिवाय ज्या शहरात गाडी चालणार तिथला लेनपर्यंतचा बारीक नकाशा आधीच बनवून गाडीत भरलेला असतो.

ही माहिती मग चार पायऱ्यांमधून जाते. पहिली: समोर काय काय आहे ते ओळखा. दुसरी: ते कुठून कुठे सरकतंय याचा माग ठेवा. तिसरी: पुढच्या काही सेकंदांत ते कुठे जाईल याचा अंदाज बांधा. चौथी: त्यानुसार स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटरचं ठरवा. हे सगळं सेकंदाला अनेक वेळा.

यातली कुठलीच पायरी “हो” किंवा “नाही” असं ठाम उत्तर देत नाही, आणि नेमकं हेच बातम्यांत येत नाही. उत्तर शक्यतेत येतं. समजा, समोरची आकृती ६० टक्के पादचारी, ३० टक्के सायकल, १० टक्के आणखी काहीतरी. यातून निर्णय मात्र एकच घ्यायचा असतो: ब्रेक मारायचा की नाही.

यूपीआयचं ‘पेंडिंग’ आठवा

तुम्ही चहाच्या टपरीवर क्यूआर कोड स्कॅन केलाय, पिन टाकलाय आणि स्क्रीनवर आलं: ‘पेमेंट पेंडिंग’. पैसे कटले की नाही? तुम्हाला माहीत नाही, टपरीवाल्या काकांना माहीत नाही आणि गंमत म्हणजे त्या क्षणी ॲपलाही माहीत नसतं. बँकेच्या सर्व्हरकडून उत्तर आलेलं नसतं. अशा वेळी चांगलं ॲप खोटं बोलत नाही. ‘सक्सेस’ही दाखवत नाही, ‘फेल’ही दाखवत नाही. ते म्हणतं, थांबा, अजून कळलेलं नाही. मग मागे तपासणी होते आणि काही वेळाने एक उत्तर पक्कं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये ‘पेंडिंग’ ही फार मोठी सोय आहे. आमचं अर्धं आयुष्य त्यावर चालतं. उत्तर आलं नाही? थोडं थांबा, परत विचारा, तरी नाही आलं तर माणसाला कळवा.

आता हीच सोय ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला द्या. या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. तुम्ही ‘पेंडिंग’ म्हणून एक सेकंद थांबलात तर सर्व्हर जागेवरच असतो, पण गाडी मात्र १७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे “माहीत नाही” असतानाही गाडी काहीतरी करतच असते. चालू राहणं हाही निर्णय, थांबणं हाही निर्णय. ही चूक किती महागात पडू शकते ते आता बघू.

टेम्पी, २०१८: गाडी दरवेळी विसरत गेली

१८ मार्च २०१८. ॲरिझोना राज्यातलं टेम्पी शहर, रात्री दहाची वेळ. उबरची चाचणीसाठीची व्होल्वो गाडी ऑटोमॅटिक मोडवर चालली होती. चाकामागे एक सेफ्टी ऑपरेटर बसलेली होती. एक महिला सायकल हातात धरून, पायी, झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी रस्ता ओलांडत होती. गाडीने तिला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. ड्रायव्हरलेस चाचणीच्या गाडीने पादचाऱ्याचा जीव जाण्याची ही पहिली घटना.

अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेने काढलेला निष्कर्ष प्रत्येक इंजिनिअरने वाचावा असा आहे. गाडीला ती महिला दिसलीच नव्हती का? दिसली होती! धडकेच्या ५.६ सेकंद आधी. त्या वेगाला हे अंतर १०० मीटरपेक्षा जास्त होतं. थांबायला भरपूर.

मग झालं काय? सिस्टिमला ती ‘वस्तू’ नक्की काय आहे हे ठरवता येईना. कधी ‘वाहन’, कधी ‘इतर काहीतरी’, कधी ‘सायकल’. आणि सॉफ्टवेअरची रचना अशी होती की ओळख बदलली की त्या वस्तूचा आधीचा माग पुसला जायचा. म्हणजे प्रत्येक वेळी सिस्टिमच्या दृष्टीने समोर एक नवीन गोष्ट आलेली, जिचा इतिहास कोरा. ती डावीकडून उजवीकडे सरकत सरकत आपल्या लेनमध्ये येतेय हे जोडून बघायला मागचा धागाच शिल्लक नव्हता. त्यात भर म्हणजे, पादचारी झेब्रा क्रॉसिंग सोडूनही रस्ता ओलांडतात, ही शक्यता त्या सॉफ्टवेअरमध्ये धरलेलीच नव्हती.

शेवटी धडकेच्या १.२ सेकंद आधी सिस्टिमला धोका पटला. पण तेव्हाही तिने लगेच ब्रेक मारला नाही. उगाचच जोरात ब्रेक लागू नयेत म्हणून कंपनीने मुद्दाम एका सेकंदाचा ‘थांबा’ ठेवला होता. त्या सेकंदात खात्री करायची किंवा ऑपरेटरने ताबा घ्यायचा, अशी कल्पना. ऑपरेटर त्या वेळी मोबाईलवर कार्यक्रम बघत होती, असं तपासात निघालं. व्होल्वोची स्वतःची आपत्कालीन ब्रेकची सोयही उबरच्या ऑटोमॅटिक मोडमध्ये बंद ठेवलेली होती.

इथे लक्षात घ्या, सेन्सरने त्याचं काम केलं होतं. घोळ झाला तो खात्री नसतानाच्या वागण्यात. “ही वस्तू काय आहे मला माहीत नाही, पण जे काही आहे ते माझ्या वाटेत येतंय, म्हणून वेग कमी करतो” एवढं वाक्य त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये उबरने आपला हा सगळा विभाग अरोरा कंपनीला देऊन टाकला.

सॅन फ्रान्सिस्को, २०२३: गाडीने चुकीचं गृहीत धरलं

२ ऑक्टोबर २०२३. जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीची ड्रायव्हरलेस टॅक्सी. शेजारच्या लेनमधल्या, माणूस चालवत असलेल्या गाडीने एका पादचारी महिलेला उडवलं आणि ती थेट क्रूझच्या गाडीपुढे येऊन पडली. क्रूझने ब्रेक मारला, पण धडक टळली नाही. इथपर्यंत अनेकांना वाटेल की माणूस असता तरी फार वेगळं झालं नसतं.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. गाडी थांबली. ती महिला गाडीखाली अडकलेली होती. सिस्टिमने ही धडक बाजूने बसलेली आहे असा चुकीचा अर्थ लावला. आणि बाजूने धडक बसली तर काय करायचं? रस्ता अडवून उभं राहायचं नाही, कडेला जाऊन थांबायचं. त्या नियमाप्रमाणे गाडी पुन्हा चालू झाली आणि तिने त्या महिलेला सुमारे २० फूट फरफटत नेलं. महिला वाचली, पण गंभीर जखमी झाली.

विचार करा, अपघातानंतर आपण गाडीत बसलो असतो तर काय केलं असतं? आधी खाली उतरून बघितलं असतं. गाडीखाली काय आहे माहीत नसताना गाडी हलवायची नाही, हे कोणी शिकवावं लागत नाही. गाडीला मात्र ते लिहून द्यावं लागतं.

यानंतर तंत्रज्ञानापेक्षाही मोठी चूक झाली. नियामकांना सुरुवातीला जी माहिती गेली त्यात हे फरफटत नेणं स्पष्टपणे आलंच नाही. २४ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागाने क्रूझचा ड्रायव्हरलेस परवाना निलंबित केला. नोव्हेंबरमध्ये कंपनीने ९५० गाड्यांचा रिकॉल जाहीर केला आणि सीईओ काईल वोग्ट यांनी राजीनामा दिला. वर्षभराने कंपनीने खोटा अहवाल दिल्याचं मान्य केलं आणि ५ लाख डॉलरचा दंड भरला. डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीवर पैसे घालणंच थांबवलं. तोपर्यंत या प्रकल्पावर १० अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला होता.

‘माहीत नाही’ हे जसं गाडीला म्हणता यायला हवं, तसंच ‘आमचं चुकलं’ हे कंपनीला म्हणता यायला हवं. क्रूझ बुडण्यात दुसऱ्या गोष्टीचा वाटा पहिल्याइतकाच आहे, असं माझं मत आहे.

फिनिक्स, २०२३: टोचन केलेला पिकअप

तिसरी गोष्ट छोटी आहे, जखमी कोणी झालं नाही, पण शिकण्यासारखी आहे. ११ डिसेंबर २०२३ रोजी फिनिक्समध्ये एक टो ट्रक एका पिकअपला टोचन करून नेत होता. पिकअपचं तोंड मागे आणि तो असा तिरका बांधलेला की अर्धा एका लेनमध्ये, अर्धा दुसऱ्या लेनमध्ये. वेमोच्या गाडीने तोंड कुठे आहे ते बघून तो कुठे जाईल याचा अंदाज बांधला. अर्थातच चुकला, कारण पिकअप स्वतः जातच नव्हता, त्याला ओढून नेत होते. वेमोची गाडी त्याला घासली.

काही मिनिटांनी वेमोची दुसरी गाडी त्याच पिकअपला धडकली!

माणसांच्या बाबतीत असं सहसा होत नाही. एकाने डुलकी घेतली म्हणून शेजारचा डुलकी घेत नाही. पण ताफ्यातल्या प्रत्येक गाडीत तेच सॉफ्टवेअर असतं, म्हणून चूकही तीच होते, सगळीकडे एकदम. याची चांगली बाजूही आहे. वेमोने दुरुस्ती लिहिली आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत ती सगळ्या ताफ्यात पोचली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ४४४ गाड्यांचा अधिकृत रिकॉलही नोंदवला. रिकॉल म्हणजे गाड्या परत मागवल्या असं नाही, फोनला अपडेट येतो तसा अपडेट. एका गाडीने घेतलेला धडा सगळ्यांना मिळाला. माणसांच्या ड्रायव्हिंगमध्ये हे कधीच शक्य नाही.

पुन्हा त्या अंधारलेल्या चौकात

आता २० डिसेंबरच्या रात्रीकडे येऊ. अमेरिकेत सिग्नल बंद असला की चारही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं आणि जो आधी आला त्याने आधी जायचं, असा नियम आहे. वेमोच्या गाडीला हा नियम माहीत आहे. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्या दिवशी तिच्या गाड्यांनी ७,००० पेक्षा जास्त बंद सिग्नल व्यवस्थित पारही केले.

पण काही ठिकाणी गाडीला शंका आली की ती माणसाला विचारते. वेमोकडे त्यासाठी माणसांची टीम असते. एक गैरसमज इथे दूर करायला हवा: ही माणसं व्हिडिओ गेमसारखी लांबून गाडी चालवत नाहीत. गाडी प्रश्न पाठवते, उदाहरणार्थ “हा रस्ता बंद आहे असं समजू का?” माणूस कॅमेरे बघून उत्तर देतो आणि अंतिम निर्णय गाडीच घेते.

एरवी असे प्रश्न सुटे सुटे येतात. त्या रात्री शहराच्या मोठ्या भागातले सिग्नल एकाच वेळी गेले, आणि प्रश्नही एकाच वेळी आले. उत्तरं द्यायला उशीर झाला. गाड्या उत्तराची वाट बघत जागेवर थांबल्या. दहावीच्या निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडत नाही ना, अगदी तोच प्रकार. प्रत्येकाचा प्रश्न साधा, पण सगळे एकदम आले की रांग तुंबते.

आता क्रम बघा. २०१८ मध्ये खात्री नसलेली गाडी तशीच पुढे गेली. २०२३ मध्ये खात्री नसायला हवी होती तिथे गाडीने चुकीची खात्री धरली आणि ती हलली. २०२५ मध्ये खात्री नसलेली गाडी थांबली आणि तिने विचारलं. ही प्रगती आहे, आणि मी ती खरी मानतो. पण पूर्ण नाही. रस्त्यात मधोमध थांबणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. आग लागलीय, अग्निशमनची गाडी यायचीय आणि चौकात रोबोटॅक्सी उभी असेल, तर तिचं ‘पेंडिंग’ दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर येतं.

टेस्ला आणि वेमोचं भांडण नेमकं काय आहे?

जून २०२५ मध्ये टेस्लाने टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात रोबोटॅक्सी सुरू केली. सुरुवातीला ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस देखरेखीला बसवलेला होता. टेस्ला लायडार वापरत नाही. २०२१ पासून रडारही काढायला घेतला. इलॉन मस्क यांचा युक्तिवाद असा: माणूस दोन डोळ्यांनी गाडी चालवतो, मग गाडीला कॅमेरे पुरेत. कॅमेरे स्वस्त, म्हणून गाडी स्वस्त, म्हणून गाड्या जास्त आणि शिकायला डेटाही जास्त. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण आपल्या आजच्या मुद्द्यावरून बघितलं तर मला वेमोची बाजू जड वाटते. तीन वेगवेगळ्या पद्धतीने बघणारे सेन्सर असले की त्यांच्यात मतभेद होऊ शकतो. कॅमेरा म्हणतो पुढे मोकळं आहे, लायडार म्हणतो ३० मीटरवर काहीतरी आहे. हा मतभेद म्हणजेच “मला खात्री नाही” हे सांगणारी घंटा. सगळे सेन्सर एकाच जातीचे असले की सगळे एकाच कारणाने फसू शकतात, आणि एकमताने फसलेल्या सिस्टिमला आपण फसलोय हे कळणारच नाही.

आकडे काय सांगतात? डिसेंबर २०२४ मध्ये वेमो आणि विमा कंपनी स्विस री यांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेमोच्या २.५३ कोटी मैलांच्या प्रवासाची तुलना माणसांच्या ड्रायव्हिंगशी केली, तर इजेचे विमा दावे ९२ टक्के आणि मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ८८ टक्के कमी निघाले. आकडे जबरदस्त आहेत. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा: अभ्यासात कंपनी स्वतः सामील आहे, आणि हे मैल बारीक नकाशे बनवलेल्या ठरावीक शहरांतले आहेत.

मग आपलं काय?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरला आयआयएमच्या कार्यक्रमात नितीन गडकरी यांनी स्पष्ट सांगितलं होतं की ड्रायव्हरलेस गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण त्याने ७० ते ८० लाख ड्रायव्हरांचा रोजगार जाईल. म्हणजे रोबोटॅक्सी आपल्या दारात लवकर येत नाही. पण तिची धाकटी बहीण आलेली आहे: ॲडास.

२०२१ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आली, जी आपल्या चाकणमध्येच बनायची, आणि तेव्हापासून ॲडास हा शब्द शोरूममध्ये सगळ्यांच्या तोंडी झाला. गाडी लेनमध्ये ठेवणं, पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, गरज पडली तर ब्रेक मारणं. सेल्समन “लेव्हल टू” म्हणतो. या लेव्हलचा साधा अर्थ सांगतो.

लेव्हल टू: गाडी मदत करते, जबाबदारी तुमची. सतत.

लेव्हल थ्री: ठरावीक परिस्थितीत गाडी चालवते, पण तिने सांगितलं की ताबा तुम्ही घ्यायचा.

लेव्हल फोर: ठरावीक भागात गाडी पूर्णपणे स्वतः चालवते. अडचण आली तर सुरक्षित थांबण्याची जबाबदारीही तिचीच. वेमो इथे येते.

आता आपल्या मुद्द्याने वाचा. गाडीला “माहीत नाही” झालं की ते कोणाच्या गळ्यात पडतं? लेव्हल फोरमध्ये गाडीच्या आणि कंपनीच्या. लेव्हल टूमध्ये तुमच्या. तेही बऱ्याचदा एका बीपच्या आवाजानिशी, कधी त्याशिवायच. म्हणून हायवेवर ॲडास चालू करून मागच्या सीटवर जाऊन बसण्याचे, पत्ते खेळण्याचे रील बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. टेम्पीच्या गाडीत निदान कंपनीने नेमलेली, पगार घेणारी ऑपरेटर होती. तिचंही लक्ष उडालं. यंत्र १०० वेळा बरोबर वागलं की १०१ व्या वेळी आपलं लक्ष नसतं, हा माणसाचा स्वभाव आहे.

आणि आपल्या रस्त्यावर तो १०१ वा प्रसंग लवकर येतो. ऊस हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे रात्री जाऊन बघा. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ऊस, मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. राँग साइडने येणारी दुचाकी. पुसलेले पट्टे. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडणार नाही, हे गृहीतक टेम्पीत एका रात्री खोटं ठरलं. आपल्याकडे ते पहिल्या मिनिटाला खोटं ठरेल.

“म्हणजे भारतात हे कधीच शक्य नाही” असं मी म्हणत नाहीये. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. रोज सरासरी ४६२. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते आणि जवळपास २० टक्के पायी चालणारे. माणूस चालवतो म्हणून रस्ता सुरक्षित आहे, असं म्हणायची आपली परिस्थिती नाही. वेळेवर लागलेल्या ऑटोमॅटिक ब्रेकने यातला एखादा जीव जरी वाचला तरी ते तंत्रज्ञान हवंच. फक्त ते विकताना ‘गाडी स्वतः चालते’ असं सांगून विकू नका.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या घरात किंवा मित्राकडे ॲडासची गाडी असेल तर ओनर्स मॅन्युअलमधलं त्याचं प्रकरण वाचा. कंटाळवाणं आहे, पण सिस्टिम कुठे कुठे काम करणार नाही याची लांबलचक यादी तिथे दिलेली असते. ती यादी म्हणजेच गाडीचं “माहीत नाही” तुम्हाला आगाऊ लिहून दिलेलं आहे. कॅमेरा आणि रडारची जागा स्वच्छ ठेवा, चिखलाने किंवा स्टिकरने झाकू नका. विंडशील्ड बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या, गॅरेजवाला “चालतंय की” म्हणाला तरी. आणि हात स्टिअरिंगवर.

इंजिनिअरिंगला असाल आणि या क्षेत्रात जायचं असेल, तर फक्त वस्तू ओळखणारं मॉडेल बनवण्यावर थांबू नका. ९५ टक्के अचूकतेचा प्रोजेक्ट सगळेच दाखवतात. उरलेल्या ५ टक्क्यांत तुमचं मॉडेल काय करतं, हे दाखवणारे कमी असतात. मुलाखत मी घेतली तर मी तेच विचारीन.

आणि पुढच्या वेळी ड्रायव्हरलेस गाडीची बातमी किंवा जाहिरात आली की तीन प्रश्न विचारा. गाडीला शंका आली हे तिला कसं कळतं? शंका आल्यावर ती काय करते? आणि तेव्हा जबाबदार कोण असतं? जाहिरातीत बहुतेक वेळा पहिल्या दोनांचं उत्तर सापडणार नाही. तिसऱ्याचं उत्तर अगदी बारीक अक्षरात सापडेल, आणि आज भारतात विकल्या जाणाऱ्या ॲडासच्या गाड्यांपुरतं तरी ते उत्तर ‘तुम्ही’ हेच आहे.